कसोटीचा दगड आणि पारखणारा हात

साहित्यविचारात ‘निकष’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे योजतो की, तो मूळचा सोनाराच्या पेढीवरचा आहे याचे स्मरणही उरत नाही. निकष म्हणजे कसोटीचा काळा दगड आणि त्यावर सोने घासले असता उमटणारी रेघ म्हणजे कस. शब्द उसना घेताना एक गोष्ट मात्र आपण पेढीवरच विसरून आलो : हा दगड आपण होऊन काहीच सांगत नाही. दागिन्याच्या रेघेशेजारी ज्ञात कसाच्या सोन्याची रेघ ओढावी लागते आणि दोहोंचा रंग डोळ्यांनी ताडून पाहावा लागतो. दगड, नमुन्याचे सोने आणि पारखणारा, या तिघांपैकी एक जरी खोटा निघाला तरी निर्णय खोटा.

कौटिल्याला हे पक्के ठाऊक होते. अर्थशास्त्रातील सुवर्णाध्यक्षाच्या प्रकरणात तो कलिंगातील किंवा तापीतील, मुगाच्या रंगाचा दगड श्रेष्ठ मानतो. (तापीकाठच्या खानदेशी वाचकाने याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.) पण खरी मौज पुढे आहे. हत्तीच्या कातडीची झाक असलेला, हिरवट, रंग खुलविणारा दगड विकणाऱ्याच्या हिताचा. टणक, खरखरीत आणि रंग न खुलविणारा दगड घेणाऱ्याच्या हिताचा, असे तो स्वच्छ सांगतो. म्हणजे दागिना एकच, आणि दोन दगडांवर त्याचे कस दोन! नखात गेरूची पूड दडवून ती रेघेवर भुरभुरण्याची लबाडीही त्याने नोंदली आहे. हे सारे वाचताना ग्रंथकार कोणा राजनीतिज्ञापेक्षा सराफकट्ट्यावर मुरलेला गृहस्थच वाटतो.

शिवाय रेघ उमटते ती पृष्ठभागाची. मुलाम्याखालचे तांबे तिला दिसत नाही. म्हणून घासण्याच्या जोडीला कापणे, तापवणे आणि ठोकणे या आणखी तीन परीक्षा आपल्या परंपरेने सांगितल्या.

डोळ्यांच्या या अंदाजाला आकड्याची शिस्त आली ती गणितात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. 1150) सुवर्णगणिताचा स्वतंत्र भाग असून शुद्ध सोने तेथे सोळा वर्णांचे मानले आहे. एका उदाहरणात 13, 12, 11 आणि 10 वर्णांचे सोने अनुक्रमे 10, 4, 2 आणि 4 मासे घेऊन एकत्र आटवले आहे. वजन आणि वर्ण यांच्या गुणाकारांची बेरीज 240, एकूण वजन 20 मासे. तेव्हा मिश्रण 12 वर्णांचे. तेच शुद्ध करताना 16 मासे उरले, तर वर्ण 15 होतो. हीण जळते, वजन घटते, पण 240 हा आकडा ढळत नाही. मिश्रणाची उदाहरणे फळ्यावर सोडवून घेणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण मुलांपुढे अवश्य ठेवावे.

लीलावतीत सोळा वर्ण, तर अबुल फझलाच्या ‘आईन-ए-अकबरी’त शुद्ध सोने बारा बानींचे. दक्षिणेतील जुना होन पूर्वी दहा बानींचा समजला जाई, तो अकबराच्या पारखीत साडेआठांवर आला, असे तो लिहितो. होन तोच, पारख बदलली. आपल्याकडे सरकारात भरणा होणारे नाणे पारखण्याचे काम पोतदाराचे. त्या हुद्द्याचे पुढे आडनाव झाले.

स्वतंत्र भारतात तर शासनाने कसावरच मर्यादा घातली. जानेवारी 1963 च्या सुवर्णनियंत्रणाने नवे दागिने चौदा कॅरटांवर करण्यास बंदी झाली आणि असंख्य सोनारांचा धंदा बसला. 1966 साली ही अट सैल झाली. 1968 चा सुवर्णनियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला.

16 जून 2021 पासून देशाच्या अनेक जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होऊ लागला. 916 हा शिक्का म्हणजे हजारांत 916 भाग सोने, अर्थात बावीस कॅरट. आता दगडाची जागा बहुधा क्ष-किरणांचे यंत्र घेते. पण त्यालाही आधी ज्ञात कसाचे नमुने दाखवून जुळवून घ्यावे लागते आणि तेही मुख्यतः पृष्ठभागच पाहते. वाद उरला तर अखेर अग्निपरीक्षाच. सोन्याचा तुकडा शिसे व चांदीसह मुशीत तापवायचा, मग चांदी तेजाबात विरघळवायची आणि उरलेले सोने तोलायचे.

मात्र घरोघरच्या जुन्या पाटल्या-बांगड्यांवर असा शिक्का नाही. अडचणीच्या वेळी तो दागिना मोडायला नेणाऱ्या बाईजवळ ना दगड असतो ना नमुना, आणि कस ठरतो तो घेणाऱ्याच्या दगडावर. असा दागिना मोडण्यापूर्वी मान्यताप्राप्त परीक्षणकेंद्रात शुल्क भरून तपासून घेण्याची सोय आता सामान्य ग्राहकालाही आहे.