दगडाचं घर पडलं, कुडाचं कसं राहिलं?

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट माझ्या पिढीच्या मराठवाड्याला विसरता येत नाही. चार वाजायला काही मिनिटे होती. चकलांब्यात आमच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली. अब्बांना वाटले, मांजर शिरले. सकाळी रेडिओवर बातमी आली, तेव्हा कळले की किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली आहेत. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली माणसे झोपेतच गेली. मृतांचा आकडा हजारांत मोजावा लागला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

पडलेल्या गावांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येऊ लागली. ती पाहून अब्बांनी एक प्रश्न विचारला. "दगडाचं घर पडलं अन् कुडाचं राहिलं, हे कसं?" मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला उत्तर देता आले नाही. ते शोधताना मात्र एका शास्त्राची ओळख झाली. कॉलेजात त्याला सॉलिड मेकॅनिक्स म्हणतात. म्हणजे घन वस्तूवर भार आला की ती किती दबते, किती ताणली जाते आणि कुठे तुटते, याचा हिशेब. त्याचा जोडीदार म्हणजे मटेरियल सायन्स. दगड, माती, पोलाद, सिमेंट यांचा स्वभाव ओळखणारे शास्त्र.

अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबात होते. आपल्याकडच्या जुन्या घराची भिंत दोन-अडीच फुटांची. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोटात माती व बारीक दगड. वर माळवद, त्यावर दरवर्षी थोडी थोडी घातलेली पांढरी माती. दगड दाब सोसतो, पण ताण सोसत नाही. मातीचा जोड तर ताणाला जवळजवळ उभाच राहत नाही. जमीन हलली की जितके वजन जास्त, तितका धक्का मोठा. मग भिंतीचे पोट फुगते, दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि घर आतल्या माणसांवर कोसळते. कुडाचे घर हलके आणि लवचिक. ते डोलते, पण जीव घेत नाही. उन्हाळ्यात गारवा देणारे माळवदच त्या पहाटे काळ ठरले.

हे शास्त्र जुने आहे. १६३८ साली गॅलिलिओने भिंतीत रोवलेल्या तुळईचे चित्र काढून ती किती भाराने मोडेल, असा प्रश्न मांडला. त्याचे उत्तर पुरते बरोबर नव्हते, पण प्रश्न बरोबर होता. १६७८ साली रॉबर्ट हूकने स्प्रिंगचा नियम छापला. जेवढा भार, तेवढा ताण. आजचे पूल, विमाने आणि अणुभट्ट्या त्याच वाटेने पुढे आल्या.

आपल्या महाराष्ट्रानेही या शास्त्राला एक मोठा धडा दिला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण टिकले, पण जिथे त्याचा उतार एकदम बदलतो, तिथे तडे गेले. धरणातल्या यंत्राने धक्क्याची नोंद घेतली होती. नोंदही आहे आणि तडेही आहेत, असे उदाहरण दुर्मीळ. म्हणून जगभरचे संशोधक काँक्रीट कसे तडकते याचे आपले गणित आजही कोयनेवर ताडून पाहतात. धरणाला मागून टेकू देऊन ते पुढे मजबूत केले गेले.

आता मनाला लागणारी गोष्ट सांगतो. दगडमातीच्या घरांना भूकंपात कसे सांभाळावे, याची भारतीय मानक संस्थेची मार्गदर्शिका त्याच १९९३ साली निघाली. भिंत दीड फुटापेक्षा जाड नको. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, दोन्ही थर जोडणारा एक लांब दगड घाला. दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती एक पट्टा फिरवा. एवढेच. रुरकीला १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण आणि संशोधन चालू होते. पण किल्लारीचा भाग त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. ज्ञान होते, ते गवंड्याच्या हातापर्यंत आलेले नव्हते.

ही वाट आपल्या मुलांनी धरावी, असे मला वाटते. डॉ. अनिल काकोडकर मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाले, भाभा अणुसंशोधन केंद्रात गेले आणि १९६९ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातून ताण-विश्लेषणात पदव्युत्तर पदवी घेऊन आले. पुढे ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. सिव्हिल, मेकॅनिकल किंवा मेटलर्जी घेतलेल्या मुलाला गेट परीक्षेतून आयआयटीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत पुढे शिकता येते. नाशिकची मेरी, खडकवासल्याची जल व विद्युत संशोधन संस्था ही धरणांची आणि बांधकामाच्या साहित्याची कामे करणारी ठिकाणे आपल्याच राज्यात आहेत. वाहन कारखान्यांना, पवनचक्क्यांना, रेल्वेलाही धातू कधी थकतो हे सांगणारी माणसे लागतात.

पण मोठ्या पगाराइतकेच एक काम गावात पडून आहे. किल्लारीनंतर अब्बांनी माळवदावरची निम्मी माती खाली ओढली, मग पत्रे टाकले. आज माती-दगडाच्या जुन्या भिंतींवरच स्लॅब ओतलेला कुठे दिसला की माझ्या छातीत धस्स होते. ओझे पुन्हा डोक्यावर चढवले, भिंतीचे पोट मात्र तसेच. शिकून आलेल्या एखाद्या पोराने सुट्टीत गवंड्याशेजारी बसून तो लांब दगड कुठे घालायचा, एवढे जरी सांगितले, तरी अब्बांच्या प्रश्नाचे उत्तर गावाला मिळेल.