धाबे, माळवद आणि पाण्याची वाट

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दरवाजे. चांपानेर, लहेरीपुरा, गेंडीगेट आणि पूर्वेचे पाणीगेट. १७३४ मध्ये हे शहर गायकवाडांच्या हाती कायमचे आले व मराठी घराणी येथे रुजली. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० रोजी, मुंबई राज्यच दुभंगले. भाषेची सीमा अशी कागदावर ओढता येते. छपराला ती ठाऊक नसते. पाणीगेटात संक्रांतीला पतंग उडतात ते धाब्यावरून, आणि खानदेशातले मातीचे सपाट घरही ‘धाब्याचे घर’च. सोलापूर-धाराशिवकडचे माळवद कलबुर्गीकडे गेले की ‘माळिगे’ होते.

सपाट छपराचे शास्त्र म्हणजे पावसाचे गणित. कोकणात उतरती कौले हवीत. देशावरच्या बेताच्या पावसाला माती पुरते. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, त्यांवर बारीक लाकडांचे किलचण आणि वर पांढरीच्या मातीचा दाबून बसवलेला थर. उरलेले पाणी पन्हाळीवाटे बाहेर. वाड्यांच्या गच्चीवर चुन्याचा कोबा असे. विटांचे तुकडे व चुना कालवून, गूळ-हिरड्याचे पाणी शिंपून तो थापीने दिवसच्या दिवस चोपीत.

माळवदावर मात्र गळती बुजवण्यासाठी मृगाआधी नवी माती पडे. जुनी कोणी काढीत नसे. पिढ्यान् पिढ्या थर वाढत गेला. काही घरांवर तो दोन फुटांहून जाड झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, वरचा भार निजलेल्या माणसांवर आला. सुमारे दहा हजार माणसे गेली. जेथे लाकडी सांगाडा धड होता, तेथे भिंती पडूनही कित्येक छपरे उभी राहिली, हेही विसरू नये.

म्हणजे दोष एकट्या मातीचा नव्हे. न मोजलेल्या ओझ्याचा. आज माळवदाच्या जागी स्लॅब आला, पण सवय तीच आहे. गच्ची गळली की जुन्या कोब्यावर नवा कोबा! पाण्याला उतार आहे का, पन्हाळीचे तोंड मोकळे आहे का, हे आधी पाहावे. नवा थर घालणे भागच असेल, तर जुना उतरवूनच घालावा. छप्पर पाणी अडवण्यासाठी असते खरे. पण ते टिकते पाण्याला वाट दिल्यानेच.