३४ आणि ६४ : धाराशिवच्या दोन आकड्यांमागचे गणित

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडण्यात आले. कोणत्या गटाला कोणती तपासणी मिळेल, हे यादृच्छिक निवडीने ठरले. पाहणीत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. प्रश्न एकच होता : आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू टळतात का?

या पाहणीला पूर्वपीठिका होती. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शीबरोबर भूम आणि परंडा हे धाराशिवचे दोन तालुकेही होते. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर भागते. इथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसत, म्हणून कर्मचारीच गावोगाव जाऊन लोकांशी बोलत. पुढची मोठी पाहणी याच अनुभवावर उभी राहिली. तिच्यात मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सहभागी होत्या.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही विषाणूची तपासणी ज्यांच्या वाट्याला आली, त्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांना तपासणी कुठे मिळते एवढीच माहिती दिली होती. तिथे ६४ मृत्यू झाले. या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते सहज झटकण्याजोगे नाहीत.

हा हिशेब साध्या भागाकाराने संपत नाही. एका गावातल्या स्त्रियांचे राहणीमान, आहार, दवाखान्याचे अंतर सारखे असते. त्यांना सुट्या व्यक्ती मानले, तर निष्कर्ष असतो त्याहून पक्का भासतो. गावगट ध्यानात घेऊन मृत्यूचा धोका ०.५२ पट निघाला. ९५ टक्के विश्वासाची मर्यादा ०.३३ ते ०.८३. अशी आकडेमोड संगणकावाचून होत नाही, आणि त्यासाठीची नावाजलेली सॉफ्टवेअरे परवाना विकत घेऊनच वापरावी लागत.

ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी बेल प्रयोगशाळेच्या ‘एस’ भाषेच्या धर्तीवर ‘आर’ ही भाषा रचली. झुरिकच्या मार्टिन मेखलर यांच्या आग्रहावरून १९९५ साली त्यांनी ती जीपीएल परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. धाराशिवमधली पाहणी तेव्हा सुरू झालेली होती. गट लक्षात घेऊन जगण्या-मरण्याचा हिशेब करण्याची सोय तिच्या ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजमध्ये आहे. ल्योंच्या संस्थेचे ‘कॅनरेग-५’ हे नोंदणीचे सॉफ्टवेअरही विनामूल्य मिळते आणि विश्लेषणासाठी ‘आर’चाच आधार घेते.

तुळजापूर वा उमरग्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थी आज हे दोन आकडे ‘आर’मध्ये घालून मृत्यूचे प्रमाण स्वतः पडताळू शकतो. गावगटांसकट पूर्ण हिशेब करायचा तर एकेका स्त्रीची मूळ नोंद लागते. ती शोधनिबंधात छापलेली नाही.