खडकीचे काडतूस

मेलबर्नच्या माझ्या कुलूपबंद कपाटात दोन जुन्या विंचेस्टर रायफली आहेत. चापाभोवतीची लिव्हर खाली ओढून वर केली की पुढचे काडतूस जागेवर बसते. "इतक्या शांत माणसाला हा कसला नाद?" असे मंडळात विचारतात. खरे तर नाद काडतुसांचा आहे!

पहिली १८९२ च्या नमुन्याची, .२५-२० ची. तिची काडतुसे दुकानात क्वचितच मिळतात. मग .३२-२० ची रिकामी पुंगळी साच्यात दाबून तिचे तोंड अरुंद करायचे. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ माणसे मारली गेली, त्यानंतर कायदा कडक झाला: परवान्यावरच्या बंदुकीपुरतीच काडतुसे घ्यायची, तीही वेगळ्या कुलपात. खटाटोप वाढला, पण मला हे योग्यच वाटते.

दुसरी १८९५ च्या नमुन्याची. आधीच्या रायफलींत काडतुसे नळीत एकामागे एक असत. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आपटण्याचा धोका. जॉन ब्राउनिंगने ती पेटीत एकावर एक रचली. माझी रायफल ब्रिटिश .३०३ ची, म्हणून तिच्यासाठी जमवलेल्या काडतुसांत एकाच्या बुडावर 'के. एफ.' सापडले. म्हणजे आपली खडकी!

तो कारखाना १८६९ चा. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. साहेबाच्या बंदुकीची काडतुसे मात्र खडकीत आपल्याच लोकांच्या हातून तयार होत राहिली. ते काडतूस मी उडवणार नाही. तसल्या जुन्या दारूगोळ्याच्या क्षारांनी नळी गंजते, हेही एक कारण आहेच.