बालवाडीतले ठोकळे

बालवाडीच्या कपाटात रंगखडू, मणी, मातीकाम यांच्या शेजारी लाकडी ठोकळे असतातच. त्यांचं मूळ शोधत मागे गेलं, तर आपण खेळण्यांच्या दुकानात पोचत नाही. पोचतो बर्लिनच्या खनिज संग्रहालयात.

नेपोलियनविरुद्धच्या युद्धातून परतलेला फ्रीडरिश फ्रोबेल १८१४ साली तिथे ख्रिस्तियान वाइस या स्फटिकशास्त्रज्ञाच्या हाताखाली कामाला लागला. त्याचा जन्म १७८२चा, थुरिंजियातल्या एका पाद्र्याच्या घरातला. वर्षाचा व्हायच्या आतच आई गेली. पुढे त्याने वनाधिकाऱ्याकडे उमेदवारी केली आणि स्वित्झर्लंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीच्या शाळेत शिकवलं. आता त्याच्यासमोर स्फटिक होते. दगडाच्या तुकड्यातही आतून बाहेर वाढण्याचा एक नियम दिसतो, मग माणसाची वाढ तरी नियमाशिवाय कशी होईल, हा विचार त्याच्या मनात ठाण मांडून बसला.

तो विचार लाकडात उतरायला वीसेक वर्षं गेली. १८३७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, ब्लांकेनबुर्ग या छोट्या गावात त्याने लहान मुलांसाठी खेळसाहित्य घडवायला सुरुवात केली. त्याच्या संस्थेला ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळालं १८४० मध्ये. साहित्याला तो ‘भेटी’ म्हणायचा. पहिली भेट लोकरीचे रंगीत चेंडू, दुसरी लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल. तिसरी भेट म्हणजे ठोकळ्यांची पहिली पेटी.

ती पेटी उघडण्याची रीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मुलाने पेटी टेबलावर पालथी ठेवायची, खालचं सरकतं झाकण हळूच ओढून काढायचं आणि पेटी सरळ वर उचलायची. आतले आठ ठोकळे विखरत नाहीत. एकच अखंड घन समोर उभा राहतो. आधी पूर्ण वस्तू दिसते, मग तिचे भाग हाती येतात. टेबलावर इंचाइंचाच्या चौकटी आखलेल्या. त्याच आठ ठोकळ्यांची खुर्ची होते, जिना होतो. तेच मध्याभोवती सरकवत नेले की नक्षी उमलते. आणि तेच दोन-दोन, चार-चार मांडले की निम्मे, पाव, अष्टमांश बोटांना कळतात. खेळ, चित्रकला आणि गणित यांच्यासाठी वेगवेगळा तास नाही, वेगळं साहित्यही नाही. फ्रोबेलचं खरं मोठेपण इथे आहे.

१८५१ साली प्रशियाच्या सरकारने नास्तिक आणि समाजवादी म्हणून या बालशाळांवर बंदी घातली. त्यात फ्रोबेलची त्याच्या पुतण्याशी झालेली गल्लतही कारणीभूत होती. बंदी उठली १८६०मध्ये, पण फ्रोबेल १८५२ सालीच गेला होता. थडग्यावर त्याच्या चाहत्यांनी घन, दंडगोल आणि गोल एकावर एक रचले.

पेट्या मात्र समुद्रापार गेल्या. १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात त्या ॲना राइट यांच्या नजरेत भरल्या आणि त्यांनी आपल्या मुलासाठी घेतल्या. तो मुलगा म्हणजे वास्तुकार फ्रँक लॉइड राइट. ते गुळगुळीत ठोकळे आयुष्यभर आपल्या बोटांत राहिले, असं त्याने आत्मचरित्रात नोंदवलंय. घुमटांचा रचनाकार बकमिन्स्टर फुलर याची गोष्ट याहून बोलकी आहे. भिजवलेले वाटाणे आणि काड्या जोडण्याचा उद्योग फ्रोबेलच्या शाळांत चालायचा. अशा बालशाळेत गेलेल्या छोट्या फुलरची नजर फार अधू होती. भोवतालची घरं न दिसल्यामुळे तो हाताने चाचपत गेला, आणि चौकोन डगमगतो, त्रिकोण डगमगत नाही, हे त्याच्या बोटांनी ओळखलं. १९६७च्या माँट्रियल प्रदर्शनातला त्याचा प्रचंड घुमट त्रिकोणांच्याच जाळीचा होता.

फ्रोबेलच्या मागून आलेल्या अनेक शिक्षिकांनी मात्र खेळाची कवायत करून टाकली: बाईंनी सांगायचं, सगळ्यांनी एकसारखं रचायचं. ही कोंडी न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट यांनी फोडली. त्या स्वतः सुतारकाम शिकलेल्या. त्यांचा मूळ ठोकळा जाडीच्या दुप्पट रुंद आणि चौपट लांब. बाकीचे त्याच्या निमपट नाहीतर दुप्पट-चौपट. मुलं जमिनीवर बसून मनाला येईल ते शहर उभारत. या ठोकळ्यांचं पेटंट त्यांनी घेतलं नाही, त्यामुळे आज ते कुणीही बनवतं.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, ते माँटेसरी पद्धतीच्या वाटेने. तिचं विकतचं साहित्य खेड्याला परवडणारं नव्हतं. तेव्हा त्यांनी शंख-शिंपले, खडे, बिया, पानंफुलं पुढे केली. समुद्र जवळ होता, झाडं दारात. फ्रोबेलच्या भेटींच्या मालिकेत बिया आणि खडे अगदी शेवटी येतात. बोर्डीत मोजणं, रंग ओळखणं आणि रांगोळी मांडणं पहिल्यापासून त्यांच्यावरच चाललं.