आंबट मातीतले गोड फळ

जून संपत आला की न्यू जर्सीतल्या रस्त्याकडेच्या फार्म स्टँडवर ब्लूबेरीचे खोके दिसू लागतात. आता तर आपल्यापैकी अनेकांच्या डेकवर तुळस, मिरची आणि कढीपत्त्याच्या शेजारी ब्लूबेरीचीही एखादी कुंडी असते. आणि दोनेक वर्षांत हमखास प्रश्न येतो, "अहो, एवढे खत घालतो, तरी पाने पिवळी का पडतात?" या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी मिळाले, तेही कुंड्यांमध्येच. त्याची ही कथा.

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेची. इथले मूळ रहिवासी ती ताजी खात, वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत. पण विसावे शतक उजाडेपर्यंत ती रानातच राहिली. आपल्याकडे करवंदे जशी डोंगरातून तोडून बाजारात येतात, तशीच इथे लोक जंगलातून ब्लूबेरी वेचून आणीत. कुणी हौसेने झुडूप उपटून शेतात लावले, शेणखत घालून मशागत केली, तर ते खंगत जाई. हे झाड माणसाळत नाही, असाच समज पक्का झाला होता.

अमेरिकन कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ साली या समजाला हात घातला. त्यांनी बियांपासून रोपे तयार केली आणि निरनिराळ्या मातीच्या कुंड्यांत वाढवून पाहिली. निष्कर्ष शेतकऱ्यांना चक्रावून टाकणारा होता. भरपूर खताच्या, चुना घातलेल्या 'चांगल्या' मातीत रोपे खुरटली. दलदलीतल्या आंबट, निकस मातीत मात्र जोमाने वाढली. ब्लूबेरीच्या मुळांना इतर झाडांसारखे केसाळ तंतू नसतात आणि मुळांत राहणारी एक बुरशी तिच्या पोषणाला हातभार लावते, हेही त्यांनी नोंदवले. १९१० साली हे सारे सरकारी पुस्तिकेत छापून आले.

थंडीबद्दलचा त्यांचा प्रयोग तर फारच गमतीचा. उबदार काचघरात ठेवलेली झाडे वसंत आला तरी झोपलेलीच राहत. कोव्हिल यांनी एका झाडाची फांदी काचेतल्या भोकातून बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत ठेवली. वसंतात ती एकटी फांदी पालवली आणि आत उबेत असलेले बाकीचे झाड तसेच निपचित राहिले! थंडी हीच या झाडाला जागे करणारी हाक असते, हे त्यातून सिद्ध झाले.

ती पुस्तिका न्यू जर्सीतील व्हाइट्सबॉग येथे एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात आली. १८७१ साली जन्मलेल्या एलिझाबेथबाई क्रॅनबेरीच्या मोठ्या बागायतदाराच्या कन्या. क्रॅनबेरीच्या मळ्यांभोवती आंबट, वाळूमिश्रित जमीन हवी तेवढी पडून होती आणि तिच्यावर रानटी ब्लूबेरी मुबलक होती. १९११ साली त्यांनी कोव्हिल यांना कळवले, जमीन आणि मनुष्यबळ आम्ही देतो, संशोधन तुम्ही करा.

आता प्रश्न होता उत्तम झुडपे शोधण्याचा. पाइन बॅरन्सच्या जंगलाची खडान्‌खडा माहिती तिथल्या गरीब रहिवाशांना, म्हणजे 'पायनी' लोकांना होती. शहरी लोक त्यांना अडाणी समजत. एलिझाबेथबाईंनी त्यांनाच कामाला घेतले. भोके पाडलेली मापाची पट्टी हातात दिली. ५/८ इंच भोकातून जे फळ पडणार नाही, त्याचे झुडूप दाखवा आणि पैसे घ्या! शिवाय शोधणाऱ्याचे नाव त्या झुडपाला मिळे. रूब लीक नावाच्या गृहस्थांनी दाखवलेले झुडूप सर्वांत सरस निघाले. पण 'लीक' म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी. फळाला ते नाव कसे द्यायचे? मग 'रूब'ला आडनावाचे पहिले अक्षर जोडून 'रुबेल' झाले.

१९१६ साली व्हाइट्सबॉगची लागवडीची ब्लूबेरी पहिल्यांदा बाजारात गेली. पुढे संकरातून नवी वाणे आली. १९२८ चे 'जर्सी' हे रुबेलचेच अपत्य. १९५२ चे 'ब्लूक्रॉप', जे आजही नर्सरीत सहज मिळते, त्याच वंशातले.

आपल्या कुंडीचे सगळे नियम या इतिहासातच आहेत. मातीचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ हवा, म्हणून साध्या बागेच्या मातीऐवजी पीट मॉस आणि पाइनच्या सालीचा भुगा यांचे मिश्रण वापरावे. तुळशीला घालतो तशी राख इथे मुळीच नको. ती चुन्यासारखेच काम करते. नळाचे पाणी जड असेल तर पावसाचे साठवून घालावे. पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर बहुधा मातीचा आंबटपणा उतरल्यामुळे झाडाला लोह घेता येत नसते. अशा वेळी आणखी खत ओतणे म्हणजे अति तेथे माती! अझेलियासाठी मिळणारे, अमोनियम सल्फेट असलेले खत वसंतात बेताने द्यावे आणि जुलैनंतर थांबावे. मुळे वरवरची असल्याने माती कोरडी पडू देऊ नये, पण पाणी साचूही नये. हिवाळ्यात माया दाखवून कुंडी दिवाणखान्यात आणू नका. बाहेरच भिंतीच्या आडोशाला ठेवून कुंडीभोवती गवत किंवा गोणपाट गुंडाळा. आणि जोडीला दुसऱ्या वाणाची कुंडी ठेवा. परागसंकर झाला की फळे मोठी येतात, हेही कोव्हिल यांचेच निरीक्षण.

२००३ साली न्यू जर्सीने ब्लूबेरीला राज्याचे फळ ठरवले. व्हाइट्सबॉगचे जुने गाव जतन केलेले आहे. मुलांना घेऊन जरूर जाऊन या. कोव्हिल आणि एलिझाबेथबाईंची नावे पुस्तकांत आहेतच. पण शहराने अडाणी ठरवलेल्या एका रानातल्या माणसाचे नाव आजही रोपाच्या चिठ्ठीवर छापले जाते. नर्सरीत 'रुबेल' दिसले, तर ते कुणाचे आहे हे मुलांना सांगायला विसरू नका.