तिवड्याने तोडलेली वाट

जबलपुरात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याचं नाव काढलं की लोकांना त्याने पकडलेले ठग आठवतात. मला तिवडा ही डाळ आठवते. 1844 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सागरकडच्या एका गावाची हकीकत आहे. 1829 मध्ये गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, 1831 मध्ये पिकावर रोग पडला. या सगळ्यातून गव्हात आपोआप उगवणारा तिवडा तेवढा तगला आणि जोमाने वाढला. एरवी गुराढोरांना घालायचा तो दाणा माणसं खाऊ लागली. 1833 पासून तिशीच्या आतली पोरं-पोरी कमरेखाली लुळी पडू लागली. गावातली निम्मी तरुण मंडळी त्यात सापडली, असं तो लिहितो.

मी रांझीत वाढले. बाबा भंडाऱ्याहून इथे व्हेईकल फॅक्टरीत नोकरीला आले. आमच्या घरात लाखोळीची डाळ व्हायची. रांझीच्या बाजारात तीच तिवडा म्हणून मिळते. आम्हाला तिने काही केलं नाही, कारण ताटात भात, पोळी, भाजी आणि दुसऱ्या डाळीही असायच्या. पुढे फिजिओथेरपिस्ट झाले तेव्हा त्याच डाळीने अधू झालेले, रीवा-सतनाकडचे म्हातारे तपासायला मिळाले. दोन काठ्या, चवड्यांवर पडणारं पाऊल, एकमेकांवर घासणारे गुडघे. ती चाल एकदा पाहिली की विसरत नाही.

अशा माणसाची तपासणी करताना मज्जारज्जू आतून कसा मांडलेला आहे ते हाताला कळतं. घोट्याच्या हाडावर स्वरकाटा टेकवला की त्याला कंप कळतो. डोळे मिटायला लावून अंगठा वर-खाली केला तर तो बरोबर दिशा सांगतो. म्हणजे रज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे चढणारा मार्ग शाबूत आहे. टाचणीची टोच, थंड पाण्याची बाटली, तेही कळतं. वेदना आणि तापमान नेणारे तंतू रज्जूत शिरल्यावर लगेचच पलीकडच्या बाजूला जाऊन वर चढतात, तेही ठीक आहेत. पण गुडघ्याखाली हातोडी लागताच पाय ताडकन उडतो. पाऊल झटक्याने वर दाबलं की घोटा थडथडत राहतो. तळव्यावरून किल्ली ओढली तर अंगठा खाली वळण्याऐवजी वर उचलला जातो. ही खूण बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने 1896 मध्ये नोंदवली. बिघाड आहे तो मेंदूकडून उतरणाऱ्या एकाच मार्गात. मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेले हे तंतू मानेच्या जरा वर बाजू बदलतात आणि रज्जूच्या कडेने खाली येऊन स्नायू हलवणाऱ्या पेशींना हुकूम देतात. संवेदना सगळ्या जागेवर, हुकूम मात्र पोचत नाही, आणि वरचा लगाम सुटल्यामुळे स्नायू ताठ होऊन बसतात. हात बहुधा वाचतात. पायांकडे जाणारे तंतू सगळ्यात लांब, आणि मार पहिल्यांदा त्यांनाच बसतो.

या आजाराला ‘लॅथिरिझम’ हे नाव 1873 मध्ये नेपल्सच्या कान्तानीने दिलं. आपल्याकडे 1896 ते 1902 या दुष्काळी वर्षांतल्या मध्य प्रांतातल्या रुग्णांवर बुकॅनन यांनी अहवाल लिहिला. तो 1904 मध्ये नागपुरात छापला गेला. 1922 मध्ये ॲक्टन यांनी रुग्णांच्या पायऱ्या लावल्या: काठीशिवाय चालणारा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी हातांवर सरपटणारा. मला ही विभागणी फार खरी वाटते, कारण ती माणसाच्या हातात काय उरलं ते सांगते. 1964 मध्ये द्विवेदी आणि प्रसाद यांचा रीवा जिल्ह्याचा अभ्यास आला. त्याच वर्षी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, आदिगा आणि सरमा यांनी दाण्यातलं विष वेगळं केलं. मज्जापेशी एकमेकींना उत्तेजित करायला ग्लुटामेट वापरतात. हे विष त्याचंच सोंग घेतं आणि पेशींना दमेपर्यंत, मरेपर्यंत चेतवत ठेवतं.

पण विष सापडलं म्हणजे कारण कळलं असं मी मानत नाही. ही डाळ आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक होऊन दोन-चार महिने पोटात जावी लागते, तेव्हा पाय जातात. इतकी ती कोण खाणार? रीव्याकडे बांधील मजुराला मजुरीच धान्यात मिळायची आणि त्या धान्यात तिवडा असायचा. जमीनदाराच्या घरात तीच डाळ होती, पण तिथे सहसा कुणाला काठी घ्यावी लागली नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 मध्ये आला. डाळीच्या विक्रीवर बंदी त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1961 मध्येच आली होती. क्रम उलटा झाला, असं माझं स्पष्ट मत आहे. लागवड तर थांबलीच नाही. गोंदिया-भंडाऱ्यापासून छत्तीसगडपर्यंत उभ्या धानात, ओल असताना, ती आजही फेकून पेरतात. पाणी न देता येणारं दुसरं पीक गरिबाला कुठून मिळणार? रायपूरच्या कृषी विद्यापीठाने ‘प्रतीक’, ‘महातिवडा’ असे कमी विषाचे वाण दिले, ही मोठी गोष्ट आहे. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं तरी विष बरंच उतरतं.

गेलेले पाय मात्र परत येत नाहीत. आजार वाढत नाही, बराही होत नाही. व्यायामाने ताठरपणा थोडा सैल होतो, तेवढंच. जबलपूर, रीवा, सागरच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना माझी विनंती आहे: चवड्यांवर चालणारा, पायांची संवेदना शाबूत असलेला म्हातारा समोर आला, तर त्याला तरुणपणी कुणाच्या शेतावर राबला आणि मजुरीत काय मिळायचं, ते विचारा आणि केसपेपरवर लिहून ठेवा. ती माणसं आता थोडी राहिली आहेत.